भाता कोणी ओढला?

फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवरील पिरेनीज पर्वतात, फ्रान्सच्या हद्दीत, तूरमाले नावाची २,११५ मीटर उंचीची खिंड आहे. पश्चिमेच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे १९ किलोमीटरचा रस्ता आणि दर शंभर मीटरला सरासरी सात मीटरांहून अधिक चढ! १९०३ साली सुरू झालेली 'तूर द फ्रान्स' ही सायकल शर्यत १९१० मध्ये प्रथम या खिंडीतून गेली, तेव्हा त्या वर्षीचा विजेता ऑक्ताव्ह लापीझ यालाही काही अंतर सायकल हाती धरून चालावे लागले होते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणून गौरविणाऱ्या मराठी वाचकास अशा चढणीचे मोल निराळे सांगावयास नको.

ही शर्यत 'लोटो' या क्रीडाविषयक दैनिकाने आपला खप वाढावा या हेतूने सुरू केली होती. संपादक आंरी देग्रांज हेच तिचे नियमकर्ते. स्पर्धकाने सर्वस्वी स्वतःच्या बळावर शर्यत पुरी करावी, मोडतोड झाल्यास दुरुस्तीही स्वतःच करावी, असा त्यांचा दंडक होता. एकाकी वीराची कथा वाचकांना भावते, हे चाणाक्ष संपादकास ठाऊक नसेल असे कसे म्हणावे?

या दंडकाची कसोटी १९१३ साली लागली. आदल्या वर्षी दुसरा आलेला यूजेन क्रिस्तोफ तूरमाले ओलांडून उतरत असता त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक अंतर पायी उतरला आणि सांत-मारी-द-कांपां या गावातील लोहाराच्या भट्टीपाशी आला. निरीक्षक शेजारी उभे राहिले. क्रिस्तोफने लोखंड तापविले, ठोकले, चिमटा सांधला. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून भाता एका मुलाने ओढला. कित्येक तास गमावलेल्या क्रिस्तोफला या 'बाहेरच्या मदती'बद्दल वर वेळेचा दंड ठोठावण्यात आला. ही शर्यत त्याला पुढेही कधी जिंकता आली नाही.

या निवाड्यात दडलेला प्रश्न केवळ खेळाचा नाही. भाता ओढणाऱ्या मुलाचे श्रम निरीक्षकांना दिसले. पण भट्टी कोणाची, लोखंड कोणी घडविले, डोंगर फोडून रस्ता कोणी केला, या गोष्टी मात्र त्यांच्या हिशेबात आल्या नाहीत. म्हणजे 'स्वतःच्या बळाची' सीमारेषा निसर्गाने आखलेली नव्हती, ती नियमकर्त्याने आपल्या सोयीने आखली होती. बाजारात एखाद्याच्या कर्तृत्वाची किंमत ठरते तेव्हाही बहुधा असेच घडते.

खिंडीत हा भ्रम अधिकच गडद होतो. सपाटीवर पुढच्या सायकलीच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध टळतो, तेव्हा साहचर्याचा लाभ उघड दिसतो. तीव्र चढावर वेग मंदावतो, वाऱ्यापेक्षा शरीराचे वजन हा मुख्य शत्रू ठरतो आणि माणूस एकटाच झगडत आहे असे वाटू लागते. वस्तुतः पायथ्यापर्यंत त्याची शक्ती राखून ठेवणारे साथीदार तोवर मागे पडलेले असतात. फ्रेंच भाषेत त्यांना 'दोमेस्तीक', म्हणजे घरगडी म्हणतात. आज सायकल बिघडली तर पथकाची मोटार क्षणात दुसरी देते. एवढेच नव्हे, तर विजेत्याने बक्षिसाची रक्कम साथीदारांत वाटण्याची प्रथा रूढ झाली आहे. जे नियमाने नाकारले, ते खेळाडूंनी व्यवहारात मान्य केले, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

याचा अर्थ क्रिस्तोफचे श्रम उणे ठरतात असा नव्हे. चढ ज्याचा त्यालाच चढावा लागतो. परंतु यशाला 'केवळ गुणवत्ता' हे नाव देताना, आणि अपयशी माणसाला त्याच्या पायांतील बळावरून जोखताना, समाजाने थोडे थबकावयास हवे. गुणवत्ता यादीतील प्रत्येक नावामागे कोणीतरी शिकविलेले असते, कोणीतरी फी भरण्यासाठी पोटाला चिमटा घेतलेला असतो. आणि ज्यांची नावे यादीत नाहीत, त्यांतील कित्येकांना भट्टीच सापडलेली नसते.

सांत-मारी-द-कांपां येथे आज क्रिस्तोफच्या स्मरणार्थ फलक आहे, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या भट्टीची कथा भात्यावरील मुलाला वगळून सांगता येत नाही, याचा विसर पडू नये.