सोनेगावची मध्यरात्र

1949 साली मुंबईच्या टपालपेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला पोचू लागलं, ते नागपूरमुळे. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपालाची विमानं निघत. मध्यरात्रीच्या सुमारास ती नागपुरात सोनेगावच्या धावपट्टीवर जमत, थैल्यांची अदलाबदल होई आणि विमानं पुन्हा चार दिशांना उडत. ही चार शहरं एकमेकांना थेट जोडायला सहा मार्ग लागले असते. नागपूर मध्ये घेतल्यावर चार पुरले. शहरं दहा असतील तर थेट मार्ग 45 होतात, मधल्या ठाण्यावरून दहाच. बैलगाडीच्या चाकात सगळे आरे तुंब्यात येऊन बसतात, तशी ही रचना. विमानकंपन्या त्या तुंब्याला 'हब' म्हणतात.

विदर्भात हबचा विषय निघाला की पहिला मुद्दा ठरलेला असतो: आपण देशाच्या मध्यावर आहोत. नागपूरला हब व्हावं असं मलाही मनापासून वाटतं. पण हा मुद्दा कुठे चालतो आणि कुठे लंगडा पडतो, ते अमेरिकेतल्या मेम्फिसकडे पाहिल्यावर कळतं.

फ्रेड स्मिथ यांनी 1971 मध्ये फेडरल एक्स्प्रेस ही पार्सलं पोचवणारी कंपनी काढली ती लिटल रॉकमध्ये. तिथल्या विमानतळाकडून हव्या तशा सोयी मिळेनात, म्हणून 1973 मध्ये त्यांनी बस्तान मेम्फिसला हलवलं. शहर देशाच्या मध्याजवळ होतं, हवेमुळे विमानतळ क्वचितच बंद पडे, हँगर रिकामे होते आणि विमानतळाचे अधिकारी मदतीला तयार होते. 17 एप्रिलच्या पहिल्या रात्री 14 छोट्या जेट विमानांनी 25 शहरांसाठी 186 पार्सलं नेली. पुढे 1993 ते 2009 या काळात मालवाहतुकीत मेम्फिस जगातला पहिल्या क्रमांकाचा विमानतळ होता.

त्याच शहरात प्रवाशांचंही हब होतं. नॉर्थवेस्ट या विमानकंपनीने ते बरीच वर्षं चालवलं. 2008 मध्ये नॉर्थवेस्ट डेल्टात विलीन झाली आणि 2013 मध्ये डेल्टाने ते हब बंद केलं. हवामान तेच, नकाशावरची जागाही तीच. मग बिनसलं कुठे?

पार्सलाला रात्री दोन वाजता भलत्याच गावी उतरवलं तरी ते कुरकुरत नाही. माणसाला थेट विमान हवं असतं आणि त्यासाठी तो जास्त पैसे मोजतो. विमान बदलून जाणाऱ्याचं एकच तिकीट दोन उड्डाणांत वाटलं जातं, इंधन आणि विमानतळाचं शुल्क मात्र दोनदा भरावं लागतं. म्हणून हबच्या विमानात त्या शहरातलेच, चांगलं भाडं देणारे प्रवासी पुरेसे लागतात. बदली प्रवासी उरलेल्या खुर्च्या भरतात. मेम्फिस आणि परिसराची वस्ती तेरा लाखांच्या आसपास, आणि डेल्टाचं अवाढव्य अटलांटा हब जेमतेम सव्वापाचशे किलोमीटरवर. दोन्ही पोसण्याचं कारण उरलं नाही.

आता नागपूर. मुंबईहून दुबईला निघालेला माणूस आधी पूर्वेला नागपूरला कशासाठी येईल? दिल्ली-मुंबई, दिल्ली-चेन्नई अशा भरगच्च मार्गांवर थेट विमानं ढिगाने आहेत. उरतात रायपूर-कोची, जबलपूर-गोवा यांसारख्या विरळ जोड्या. त्यांच्यासाठी नागपूर सोयीचं आहे. पण त्यासाठी दहा-बारा विमानं तासाभरात उतरून पुढच्या तासात उडाली पाहिजेत, नाहीतर प्रवासी तिथेच ताटकळतात. अशी लाट पेलायला धावपट्ट्या पुरेशा लागतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. मुंबईची ही अडचण वर्षानुवर्षांची. मिहान या नागपूरच्या विमानतळ-प्रकल्पाच्या आराखड्यातल्या दुसऱ्या धावपट्टीसाठी नागपूरकरांनी आवाज उठवायला हवा, तो म्हणूनच.

पार्सलांसाठी मात्र मध्य हा मध्यच असतो. दिल्लीसारखं दाट धुकं इथे क्वचित पडतं, चारही महानगरं साधारण सातशे ते हजार किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. आजच्या जेटला ते अंतर दीड तासाच्या आसपासचं. मागवलेली वस्तू उद्याच दारात हवी असं लाखो घरांना वाटू लागलं आहे, आणि ती उद्या पोचवायची तर रात्रीच कुठेतरी वर्गवारी व्हावी लागते. सोनेगावला हे काम नवं नाही.