फी माफ झाली, मग पुण्यातली खोली आणि मेसचं काय? समजून घ्या शिष्यवृत्तीचं गणित

धाराशिव : बारावीचा निकाल लागला की कळंब, भूम, परंड्यातल्या अनेक घरांत एकच हिशेब सुरू होतो. इंजिनिअरिंगला नंबर लागला तर फी किती आणि राहण्या-खाण्याचं काय? नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या या जिल्ह्यात बरीच शेती पावसाच्या भरवशावर. त्यामुळे सरकारी मदत किती, याइतकंच ती कधी मिळते, हेही महत्त्वाचं ठरतं.

मुलींची फी खरंच माफ आहे का?
हो, पण अटींसह. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के शासन भरतं. आधी ही सवलत ५० टक्के होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप फेरीतून हवा. व्यवस्थापन कोट्याला लाभ नाही.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचे पैसे दोनदा का येतात?
भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्न मर्यादा अडीच लाख आहे. २०२०-२१ पासून खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा. राज्याने आपला वाटा दिल्यावरच केंद्राचा सुटतो. केंद्राची रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि त्यातली फी कॉलेजला भरायची असते. ती घरखर्चात गेली तर कॉलेजची थकबाकी अंगावर येते.

खोली आणि मेसचा खर्च?
फी माफीत तो येत नाही. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यात वर्षाला ६० हजार, तर धाराशिवसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये मिळतात. ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार, तर अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे.

अर्ज कुठे अडतो?
महाडीबीटीवर अर्ज भरला म्हणजे काम झालं, असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनवर, मग विभागाकडे जातो. त्यामुळे हे तपासा :
• बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का?
• तहसीलचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा आहे का?
• कॉलेजने अर्ज पुढे पाठवला का?
• दुसऱ्या वर्षी नूतनीकरण केलं का?

निर्वाहाची रक्कम बहुतेकदा उशिरा हातात पडते, खोलीचं भाडं मात्र पहिल्याच महिन्यात द्यावं लागतं. म्हणून प्रवेश घेतानाच पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची सोय करून ठेवा.