विणकामाच्या जोडसुया

आपल्या घरांतून विणकामाच्या सुया पुष्कळ काळ दोनच तऱ्हेच्या असत. एका टोंकाला बोंड असलेल्या दोन सरळ सुया, आणि पायमोज्यांसाठीं दोन्हीकडे टोंकें असलेल्या चार. आतां दुकानांत एक निराळी पेटी दिसते. तींत निरनिराळ्या जाडीच्या आंखूड दांड्यांच्या जोड्या असतात आणि लहानमोठ्या लवचिक दोऱ्या असतात. या दोरीला दुकानदार केबल म्हणतात. दांडीच्या बुडाशीं मळसूत्राचे आटे असतात. हवी ती दांडी हव्या त्या केबलला फिरवून बसविली, कीं सुई तयार झाली. आपण हिला जोडसुई म्हणूं. ही परदेशी चीज आहे असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ‘निटप्रो’ या नांवानें जगभर विकल्या जाणाऱ्या जोडसुया भारतांतच तयार होतात.

पेटी स्वस्त नसते. तेव्हां ती घेण्यापूर्वीं काय पहावें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम माप. आपल्याकडे जे क्रमांक चालत आले ते जुन्या इंग्रजी पद्धतीचे. त्यांत आंकडा वाढेल तशी सुई बारीक होते. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, तर ८ नंबरची ४ मिलिमीटरची. अमेरिकन क्रमांक नेमके उलट चालतात. ‘६ नंबर’ म्हटलें तर इंग्रजी हिशोबानें ५ मिलिमीटर होतात आणि अमेरिकन हिशोबानें ४. हा फरक क्षुल्लक नव्हे. समजा, ४ मिलिमीटरच्या सुईवर दहा सेंटिमीटरांत २२ टांके बसतात आणि ५ मिलिमीटरच्या सुईवर १८. मग ११० टांक्यांची स्वेटरची पाठ ५० सेंटिमीटरांऐवजीं ६१ सेंटिमीटर होईल, आणि महिनाभराचें काम उसवावें लागेल. यासाठीं क्रमांक सोडून मिलिमीटरच पहावे.

पण माप एक असूनहि दोन सुया सारख्या वागत नाहींत, आणि खरी गोम येथेंच आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. त्यांमुळें ती सुईला किंचित् धरून राहते. तिच्यासाठीं धातूची गुळगुळीत दांडी उत्तम. टांके भराभर सरकतात. रेशीम आणि चकाकी दिलेलें सूत यांची गोष्ट वेगळी. तीं स्वभावतःच निसरडीं, आणि धातूवर तर हां हां म्हणतां टांका निसटतो. अशा धाग्याला लांकडाची किंवा बांबूची दांडी हवी. मुंबईच्या दमट हवेंत लोकरीपेक्षां सुती कपडाच अधिक सोसतो. तेव्हां तेथील भगिनींनीं पहिली जोडी लांकडी घ्यावी, असें मी सुचवीन.

विणणाऱ्याचा हातहि ध्यानांत घ्यावा. ज्यांचा हात घट्ट त्यांना धातू मानवतो. ज्यांचा सैल त्यांना लांकूड. धागा एक सांगतो आणि हात दुसरें, असें झालें तर मी हाताचें ऐकेन. मात्र नमुन्याचा चौकोन ज्या दांडीवर विणला तिच्यावरच पुढचें काम करावें. मध्येंच धातू सोडून लांकूड घेतलें तर वीण बदललेली दिसते. जाळीदार विणीला टोंक अणकुचीदार असावें. पण सैल पिळाचा धागा अशा टोंकानें चिरतो, तेथें बोथटच बरें.

केबलवर लिहिलेली लांबी बहुधा दांड्यांसह असते. ‘८० सेंटिमीटर’ म्हणून घेतलेली केबल प्रत्यक्षांत ५६ च्या आसपास भरते. गोल विणतांना सुई कपड्याच्या घेरापेक्षां आंखूड हवी, नाहींतर टांके ताणले जातात. मुलाच्या टोपीला ४० सेंटिमीटरची सुई लागते. नेहमींच्या दांड्या तेरा तेरा सेंटिमीटरांच्या. मध्यें उरलेली केबल इतकी तोकडी राहते, कीं ती वळतच नाहीं. तेव्हां दहा सेंटिमीटरांच्या आंखूड दांड्या निराळ्या घ्याव्या लागतात. शालीला १०० सेंटिमीटरांची केबल घ्यावी. सपाट कामहि तिच्यावर करतां येतें. वजन मांडीवर विसांवतें आणि मनगटें दुखत नाहींत.

दुकानांत सांध्यावरून नख फिरवून पहावें. नख अडलें तर बारीक धागाहि अडेल. सांधा आवळण्यासाठीं टांचणीसारखी किल्ली मिळते. ती वापरावीच, कारण काम चालतां चालतां आटे सुटले तर शेंकडों टांके एकदम खालीं येतात.

सबंध पेटी आरंभींच घेण्याची आवश्यकता नाहीं. सव्वातीन, ४ आणि ५ मिलिमीटरच्या तीन जोड्या व दोन केबली यांवर बरेंच काम निघतें. नवा टांका उजव्या सुईवर तयार होतो, म्हणून मापाची दांडी उजवीकडे असली कीं पुरे. डावीकडे तिच्याहून बारीक चालते. जोडीला केबलीच्या टोंकांना लावावयाच्या चकत्या घ्याव्या. एक काम अर्धवट ठेवून दुसरें हातीं घ्यावयाचें झालें, तर दांड्या काढून चकत्या बसवाव्या. टांके केबलीवर सुरक्षित राहतात, आणि दांड्या दुसऱ्या कामाला मोकळ्या होतात.