जेडचा जन्म आणि इगतपुरीचा काळा कातळ

इगतपुरीच्या कातळात जेड सापडत नाही. मात्र ते का सापडत नाही, याचा शोध घेतला की जेड कसे घडते याचाही बराचसा उलगडा होतो. १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचलेल्या लोहमार्गासाठी डोंगर फोडले गेले, आणि त्या कापांत सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक साचलेले थर आजही पाहता येतात. सह्याद्रीच्या शैलक्रमातील तळाकडच्या एका थरसमूहाला भूवैज्ञानिकांनी इगतपुरीचेच नाव दिले आहे.

जेड या नावाखाली दोन वेगळी द्रव्ये येतात, हा भेद फ्रेंच रसायनतज्ज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये स्पष्ट केला. त्यांपैकी नेफ्राइट हे कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह व सिलिका यांचे जलयुक्त खनिज असून त्याचे सूक्ष्म तंतू नमद्यासारखे एकमेकांत गुंतलेले असल्याने ते सहसा फुटत नाही, तर जेडाइट हे सोडियम, ॲल्युमिनियम व सिलिका यांचे खनिज असून ते अधिक कठीण व जड असते. यातील एकही मूलद्रव्य इगतपुरीला परके नाही. थळ घाटातील काही थरांत फेल्स्पार या खनिजाचे कित्येक सेंटिमीटर लांबीचे पांढुरके स्फटिक उघड्या डोळ्यांनी दिसतात, आणि जेडाइटला लागणारे सोडियम, ॲल्युमिनियम व सिलिका त्यांत असतातच. कमतरता आहे ती दाबाची.

समुद्रतळाचे भूपट्ट खंडाखाली घुसतात तेथे थंड खडक तापण्याआधीच खोल ओढला जातो, त्यामुळे दाब प्रचंड पण तापमान त्या मानाने कमी, अशी विरळा स्थिती निर्माण होते. अशा ठिकाणी, साधारण वीस किलोमीटर किंवा त्याहून अधिक खोलीवर, सर्पेंटिनाइट या हिरव्या निसरड्या खडकाच्या भेगांतून वाहणाऱ्या द्रावांतून जेडाइट तयार होते. म्यानमारमधील फाकांतच्या खाणी याच प्रकारच्या आहेत. सर्पेंटिनाइट स्वतः प्रावरणातील खडकात पाणी मुरून बनतो, आणि त्याच्या शेजारी ग्लॉकोफेन या निळसर खनिजामुळे ओळखू येणारा ब्लूशिस्ट व लाल गार्नेटयुक्त एक्लोजाइट हे सोबती आढळतात. भारतात असे सोबती लडाखच्या सिंधू पट्ट्यात आणि नागालँडमध्ये आहेत. नेफ्राइट त्या मानाने कमी हट्टी: सर्पेंटिनाइट किंवा डोलोमाइट यांच्या संपर्कसीमेवर द्रावांनी मूलद्रव्यांची देवघेव घडवली तरी ते बनते, आणि खोतानचे प्रसिद्ध नेफ्राइट डोलोमाइटाच्या अशाच बदलातून आलेले आहे.

याउलट तीन किलोमीटर जाडीच्या बेसाल्टचा भार वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम साडेआठशे पट भरतो, आणि जेडाइटला तो काही हजार पट लागतो. म्हणून दख्खनच्या कातळात रूपांतरणाची पहिली पायरीच गाठली गेली: बुडबुड्यांच्या पोकळ्यांत उष्ण पाणी झिरपले आणि झिओलाइट नावाची जलयुक्त खनिजे जमली. अशी एखादी पोकळी फोडली, तर भिंतीलगत सेलाडोनाइटचा गडद हिरवा पातळ लेप, त्यावर स्टिल्बाइटच्या फिकट गुलाबी जुड्या आणि मध्ये ॲपोफिलाइटचे चकचकीत स्फटिक असा क्रम अनेकदा आढळतो. पुण्याजवळच्या पाषाणचे ॲपोफिलाइट तर व्हॅनेडियममुळे सुरेख हिरवे असते. परंतु ते पोलादी पात्याने ओरखडले जाते आणि एका दिशेत सपाट तुटते. जेडच्या अंगी यातले काहीच नाही. सौंदर्यात ही खनिजे जेडहून उणी मुळीच नाहीत, हे सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात पाहिल्यावर कोणीही मान्य करील.

बाजारात 'इंडियन जेड' म्हणून विकला जाणारा हिरवा दगड बहुधा ॲव्हेंच्युरीन, म्हणजे हिरव्या अभ्रकाचे कण असलेला क्वार्ट्‌झ असतो. त्यात नेफ्राइटही नसते आणि जेडाइटही नसते, तेव्हा जेडची किंमत मोजण्यापूर्वी प्रयोगशाळेचा दाखला मागावा.