भिंत की ग्रंथ?
एका चित्रपटातून उभा राहणारा घरगुती खेळ

चित्रपट संपला म्हणजे मुले उठून जातात आणि आठवडाभरात त्यातील पात्रांची नावेही विसरतात. परंतु त्याच कथेतील पेच त्यांच्यापुढे ठेवून ‘तू तेथे असतास तर काय केले असतेस?’ असे विचारले, की तीच मुले तासभर जागची हलत नाहीत. या साध्या अनुभवावर एक खेळ उभा आहे. त्याचा आपल्या बिदर-कलबुर्गी सीमाभागातील कुटुंबांस काय उपयोग होईल, हे आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भूमिका घेऊन खेळणे आपणांस नवे नाही. भातुकली मांडणारी मुलगी घटकाभर आई होते, ती हेच करीत असते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने त्यास नियमांची चौकट दिली. एकाने निवेदक व्हावयाचे आणि इतरांनी एकेक पात्र व्हावयाचे. निवेदक प्रसंग सांगतो, पात्रे आपण काय करणार ते बोलून दाखवितात, आणि यश संशयित असेल तेथे फासा निर्णय देतो. या खेळात सहसा कोणी कोणास हरवीत नाही. सर्वांनी मिळून कथा पार पाडावयाची असते.

१९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही धर्मनिष्ठ मंडळींनी या खेळावर सैतानी असल्याचा आरोप केला होता. आमच्या मते खेळाचे बरेवाईटपण त्यात घातलेल्या कथेवर अवलंबून असते. म्हणून कथा निवडण्याचे काम वडीलधाऱ्यांनी करावे.

अशी एक उत्तम कथा ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ या आयर्लंडमधील अ‍ॅनिमेशन चित्रपटात आहे. टॉम मूर व नोरा टूमी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००९ साली प्रदर्शित झाला. केल्स येथील मठाधिपती केलाख हे समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंच्या भयाने रात्रंदिवस तट बांधून घेत आहेत. अशात आयोना बेटावरून जीव वाचवून आलेले बंधू एडन एक अपुरा ग्रंथ घेऊन तेथे पोहोचतात. मठाधिपतींचा पुतण्या ब्रेंडन याचे मन त्या ग्रंथाकडे ओढ घेते. शाईसाठी लागणारी फळे रानात मिळतात, आणि तटाबाहेर पाऊल टाकण्यास तर त्यास सक्त मनाई! काका दुष्ट नाहीत. त्यांस माणसे वाचवावयाची आहेत. एडनही चुकत नाहीत. त्यांस प्रकाश वाचवावयाचा आहे. दोन चांगल्या गोष्टींतून एक निवडणे किती अवघड असते, हे मुलांस येथे उमगते.

या कथेस इतिहासाचा आधार आहे. संत कोलंबा यांनी ५६३ साली आयोना येथे मठ स्थापिला. ८०६ सालच्या हल्ल्यात तेथील ६८ जण मारले गेले, आणि पुढे मठवासीयांनी केल्स येथे आश्रय घेतला. त्या सुमारास वासराच्या कातड्यावर लिहिलेला चार शुभवर्तमानांचा तो चित्रमय ग्रंथ आजही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेविला आहे.

तथापि हाच चित्रपट जसाच्या तसा खेळू नये, असे आम्ही सुचवितो. शेवट ठाऊक असलेल्या खेळात गोडी राहत नाही. चित्रपटातून त्याचा प्रश्न तेवढा उचलावा आणि तो आपल्या गावात आणून ठेवावा.

त्यासाठी बिदरसारखे स्थळ शोधून सापडावयाचे नाही. येथे तट आहे, आणि ग्रंथही होता. इराणातून आलेले बहामनी वजीर महमूद गवान यांनी १४७२ च्या सुमारास येथे तीन मजली मदरसा उभारला. त्याच्या ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखिते होती असे सांगतात. वैऱ्यांनी त्यांच्या शिक्क्याचे बनावट पत्र रचून सुलतानाचे कान भरले, आणि १४८१ साली त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद झाला. ही बातमी बिदरास पोहोचली त्या रात्री खेळाचा आरंभ करावा. वजीर गेले, शहरात अफवा उठल्या आहेत, आणि मदरशात एक ग्रंथ अर्धवट लिहून पडला आहे.

पात्रे आपल्याच मातीतली घ्यावीत : नक्कल करणारा विद्यार्थी, बिदरी कारागिराचा मुलगा, भालकीकडून धान्य घेऊन आलेला कुणबी, जमिनीखालच्या करेझची वाट जाणणारी मुलगी. एकास मराठी येते, दुसऱ्यास कन्नड, तिसऱ्यास फारसी. एकमेकांवाचून कोणाचेच चालू नये. प्रत्येकास एक गुण द्यावा व एक भय द्यावे. ब्रेंडनला रानातील फळे हवी होती. येथे कारागिराच्या मुलास किल्ल्यातील माती हवी असावी, कारण बिदरी भांड्यास काळा रंग त्या मातीनेच चढतो. फाशाऐवजी चौकाबाऱ्याच्या चार कवड्या पुरेत. दोन वा अधिक उताण्या पडल्या तर काम जमले. न जमले तर खेळ थांबवू नये, नवी अडचण सांगावी.

निवेदकाने एक पथ्य पाळावे. मुलांनी काय करावे हे सुचवू नये. केल्याचे फळ मात्र प्रामाणिकपणे सांगावे. कोणी ग्रंथ टाकून माणूस वाचवील, कोणी दोन्ही गमावील. खेळ संपल्यावर दिवा मालवण्यापूर्वी ‘तू तसे का केलेस?’ एवढेच विचारावे.

एक प्रश्न मुले हमखास काढतील : ‘हा ग्रंथ तर आपला नाही, मग त्यासाठी जीव धोक्यात का घालावा?’ केल्सचा ग्रंथ आपल्या शुभवर्तमानाचा. बिदरचा ग्रंथ शेजाऱ्याचा. ज्या मुलखात एकाच गल्लीत चार धर्म व तीन भाषा नांदतात, तेथे याहून महत्त्वाचा प्रश्न आम्हांस दिसत नाही. जखमी वाटसरूस उचलणारा शमरोनीही परकाच होता, याची आठवण त्या वेळी कोणा मुलास झाली, तर आईबापांनी आपण होऊन आणखी काही शिकविण्याची गरज उरणार नाही.