बीजांकुर न्याय आणि बियाण्याचा दोडका

मंडळी, आपल्या तत्त्वज्ञानात बीजांकुर न्याय आहे. बी आधी की अंकुर आधी? बीशिवाय अंकुर नाही, अंकुराशिवाय बी नाही. तेव्हा साखळी अनादि मानायची. शंकराचार्यांनीही संसार अनादि कसा, हे सांगताना हाच दाखला घेतलाय. पण परसातल्या दोडक्याला हा न्याय लावला की काहीतरी राहून जातं. मध्ये तिसरं कोणीतरी असतं: आश्विनात वेलावरचा सगळ्यात चांगला दोडका न तोडता राखणारं माणूस.

चांगला, बरं का! आपण काय करतो? चांगले खातो आणि नजरेतून सुटून जून झालेला बियाण्याला ठेवतो. म्हणजे निवड विसरभोळेपणाने केली. राखलेला दोडका वेलावरच वाळू द्यायचा. हलवला की बिया खुळखुळतात. टोकाचं झाकण काढलं की ओघळतात. वांगं पिवळं पडेपर्यंत झाडावर ठेवायचं. टोमॅटोचा बुळबुळीत गर पाण्यात 2-3 दिवस आंबवून बी धुवायचं.

आता खरा प्रश्न. पुढच्या वर्षी येईल तो 'तोच' दोडका का? वाल, टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागावर फळतात. तिथे 'तोच' म्हणायला हरकत नाही. दोडक्याची नर-मादी फुलं वेगळी, पराग नेणार किडे. शेजारच्या गच्चीत दुसरं वाण असेल तर बापाची खात्री नाही! (हशा) फुलं संध्याकाळी उमलतात. त्याआधी दोन्ही फुलांना कागदी पिशवी घाला, उमलल्यावर हाताने पराग लावा, मादी फूल पुन्हा झाका. पाकिटावर 'एफ-१' असेल तर मात्र हा खटाटोप नको. पुढच्या पिढीत गुण फुटतातच.

म्हणजे 'तोच'पणा बीमध्ये आयता नसतो, दरवर्षी राखावा लागतो. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण गावरान वाणांची बियाणे बँक त्यांनी उभी केली. 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आमच्या विषयात 'तादात्म्य' या शब्दावर ग्रंथ आहेत. ते काम त्या हातांनी करतात.

साठवण सोपी आहे. सावलीत खडखडीत वाळवा, कोरड्या राखेत घोळा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. बीमधला ओलावा 1 टक्क्याने घटला की टिकाऊपणा साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे.

एक चिठ्ठी आलीय: गेल्या वर्षीचं बी चालेल का? 10 बिया ओल्या फडक्यात बांधून आठवडाभर ओलसर ठेवा. 7-8 ना मोड आले तर खुशाल पेरा. 2-3 नाच आले तर दाट पेरा, आणि यंदा नवं बी धरा.