'आइमात्ते' : जपानी वाक्यातील संयुक्त कारणाची रचना

जपानी भाषेचा अभ्यासक प्राथमिक व्याकरण ओलांडून समीक्षा, इतिहास, वृत्तपत्रीय अग्रलेख अशा गंभीर गद्याकडे वळला, की त्याला 'तो आइमात्ते' ही रचना वारंवार भेटू लागते. १९८४ साली सुरू झालेल्या आणि २०१० पासून पाच स्तरांत विभागलेल्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या तयारीत ही रचना सर्वोच्च स्तरावर, म्हणजे 'एन १' मध्ये, शिकविली जाते. दोन किंवा अधिक गोष्टी एकत्र येऊन एखादा परिणाम घडवितात, एवढा तिचा अर्थ पाठ्यपुस्तके सांगतात. तो चुकीचा नाही. परंतु तेवढ्यावर विसंबणाऱ्या वाचकाच्या हातून मूळ लेखकाचा कार्यकारणविचारच निसटण्याचा संभव असतो. प्रस्तुत लेखात या रचनेचे स्वरूप भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम रूपाचा विचार करू. ही रचना मुख्यतः दोन साच्यांत येते. पहिल्यात एक कारण कर्तृस्थानी असून दुसऱ्याला सहवाचक 'तो' हा प्रत्यय लागतो: 'अ गा ब तो आइमात्ते'. दुसऱ्यात दोन्ही कारणे समान पातळीवर मांडली जातात: 'अ तो ब तो गा आइमात्ते'. 'गा'च्या जागी कधी 'ही, सुद्धा' या अर्थाचा 'मो' येतो. 'तो'च्या आधी नाम असावे लागते. त्यामुळे कारण जर एखाद्या उपवाक्यात सांगायचे असेल, तर त्याला 'कोतो' जोडून नामरूप द्यावे लागते. यानंतर येणारे मुख्य वाक्य परिणाम सांगते. त्यात आज्ञा, विनंती किंवा वक्त्याची इच्छा सहसा येत नाही, कारण ही रचना घडलेल्या वा घडत असलेल्या गोष्टीचे निरीक्षण नोंदविणारी आहे. घरगुती संभाषणात ती क्वचितच ऐकू येते; तिचे खरे स्थान लेखनात आणि औपचारिक भाषणात आहे.

एक उदाहरण पाहू: 'कोतोबा नो कान्सोसा तो शिराबे नो उत्सुकुशिसा तो गा आइमात्ते, कोनो उता वा फुकाइ योइन ओ नोकोसु.' शब्दांचा साधेपणा आणि लयीचे सौंदर्य यांच्या संयोगाने ही कविता मनात खोल अनुरणन ठेवून जाते, असा याचा आशय.

या रूपाची व्युत्पत्ती उद्बोधक आहे. 'आइ' म्हणजे परस्पर. 'मात्ते' हे 'मात्सु' या क्रियापदाचे पूर्वकालवाचक रूप, आणि 'मात्सु' म्हणजे वाट पाहणे. नवशिक्या विद्यार्थ्याला येथे 'थांबून' किंवा 'वाट पाहून' असा अर्थ सुचतो आणि तो गोंधळतो. परंतु 'मात्सु'ला ग्रांथिक भाषेत आणखी एक अर्थ आहे: एखाद्या गोष्टीवर अवलंबून असणे, तिची गरज असणे. एखादा प्रश्न पुढील संशोधनावर सोपवायचा असतो तेव्हा जपानी विद्वान हेच क्रियापद वापरतात. या अर्थी त्यासाठी एक वेगळे चित्राक्षर आहे. पण ते नित्योपयोगी अक्षरांच्या अधिकृत यादीत, १९८१ च्या तसेच २०१० मध्ये सुधारलेल्याही, समाविष्ट नाही. म्हणून आज हा भाग बहुधा ध्वनिलिपीत छापला जातो आणि व्युत्पत्ती वाचकाच्या नजरेआड होते.

संस्कृतच्या अभ्यासकाला मात्र ती चटकन उमगावी. 'अपेक्षा' या शब्दातही वाट पाहणे आणि अवलंबून असणे हे दोन्ही अर्थ नांदतात. 'आइमात्ते' म्हणजे 'परस्परांची अपेक्षा ठेवून', 'परस्परसापेक्ष होऊन'. प्रत्येक कारण दुसऱ्याची जणू वाट पाहत असते आणि दोघांची गाठ पडल्यावरच कार्य पूर्णत्वास जाते.

हा भेद आपल्या शास्त्रपरंपरेने काटेकोरपणे केलेला आहे. गवत, अरणी आणि सूर्यकांत मणी यांपैकी प्रत्येक स्वतंत्रपणे अग्नी उत्पन्न करू शकतो. हा तृणारणिमणिन्याय होय. घट घडण्यास मात्र दंड, चक्र इत्यादी सर्व एकत्र लागतात. हा दंडचक्रादिन्याय होय. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांना काव्याचे कारण म्हणताना 'हेतु' हे पद बुद्धिपुरस्सर एकवचनात योजले, कारण ही तीन कारणे नसून तिघांचे मिळून एकच कारण आहे, असा त्याचा अभिप्राय होता. 'आइमात्ते' हे एकवचनच व्याकरणाच्या द्वारे व्यक्त करते.

जपानीतील निकटवर्ती रचनांशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. 'नि कुवाएते' केवळ भर घालते: हे आहे, शिवाय तेही आहे. 'तो तोमो नि' साहचर्य किंवा समकालीनता दाखविते. 'ओकागे दे' इष्ट परिणामाचे श्रेय देते, तर 'सेइ दे' अनिष्टाचा दोष देते. 'आइमात्ते' श्रेय वा दोष यांपैकी कशाचाही निवाडा करीत नाही. परिणाम इष्ट असो वा अनिष्ट, ती दोन्हीकडे चालते.

मराठी अनुवादकाची खरी अडचण येथेच उभी राहते. आपल्या भाषेत एकत्रित परिणाम सांगणारे प्रयोग विपुल आहेत, पण ते बहुधा पक्षपाती आहेत. 'दुधात साखर' केवळ इष्टाला लागू पडते, 'दुष्काळात तेरावा महिना' केवळ अनिष्टाला. 'प्रतिभेला परिश्रमांची जोड मिळाली' असे म्हणताच प्रतिभा मुख्य आणि परिश्रम गौण ठरतात. 'मुळे' हा प्रत्यय दोन्ही नामांना वेगवेगळा लावला, तर एका कारणाची दोन कारणे होतात.

हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. १ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी ११ वाजून ५८ मिनिटांनी कान्तो प्रदेशात झालेल्या भूकंपाचे उदाहरण घ्यावे. या आपत्तीत सुमारे १,०५,००० माणसे मृत वा बेपत्ता झाली आणि त्यांतील बहुसंख्य आगीत दगावली. वेळ मध्यान्हीच्या स्वयंपाकाची होती आणि त्या दिवशी वारा जोराचा होता. एखादा जपानी लेखक लिहील: 'चूशोकु नो हि गा ओरिकारा नो क्योफू तो आइमात्ते, ताइका तो नात्ता.' याचे भाषांतर 'चुलींमुळे आग लागली, शिवाय वाराही होता' असे केले, तर दोष चुलींच्या माथी येतो आणि वारा तपशील होऊन बसतो. मूळ विधान वेगळे आहे: नुसत्या चुलींच्या विस्तवाने किंवा नुसत्या वाऱ्याने तो महाअग्नी झाला नसता; दोघांची गाठ पडली, म्हणून झाला. इतिहासलेखनात असा फरक जबाबदारीच्या वाटणीपर्यंत पोहोचतो.

तेव्हा अनुवादकाने 'यांच्या संयोगाने', 'यांचा एकत्रित परिणाम होऊन' किंवा साध्या प्रसंगी 'दोन्ही मिळून' असे तटस्थ प्रयोग जवळ करावेत. भरताच्या रससूत्रापासून 'संयोग' या शब्दाला जो शास्त्रीय भार प्राप्त झाला आहे, तो येथे उपकारकच ठरतो. अध्यापकांनीही ही रचना शिकविताना तयार प्रतिशब्द देऊन थांबू नये. प्रत्येक वाक्यापुढे विद्यार्थ्याला एक प्रश्न विचारावा: यांतील एक कारण काढून घेतले, तर परिणाम तसाच राहील काय? राहत असेल, तर तेथे 'नि कुवाएते' पुरेसे आहे. राहत नसेल, तरच 'आइमात्ते'ची योजना सार्थ होय.